नैसर्गिक आणि निर्दोष

श्रावकाच्या घरात स्वयंपाकघराचे नियम कोणाला मुद्दाम शिकवावे लागत नाहीत. कंदमूळ कोणते, विगई कोणती, पीठ किती दिवसांचे चालते, पाणी कसे गाळावे, हे मूल घरातल्या घरात पाहून शिकते. परंतु तेच मूल न्हाणीघरात शिरले की हे सारे नियम दाराबाहेर राहतात. केसांना काय लावले, ओठांना काय लावले, अंगाला कोणता साबण लावला, याची चौकशी बहुतेक घरांत होत नसे. अलीकडे ती होऊ लागली आहे, हे सुचिन्हच म्हणावयाचे. मात्र ही चौकशी एका शब्दापाशी येऊन थांबते. तो शब्द म्हणजे 'नैसर्गिक'. डब्यावर हिरवे पान छापलेले असले, 'सेंद्रिय' असे लिहिलेले असले, की घरातील सून निश्चिंत होते आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदारही निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत खरी आहे, हे एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बाजारपेठेच्या एका गावात तीन पिढ्यांचे किराणा व जनरल दुकान आहे. दुकानाच्या मालकाने दोन वर्षांपूर्वी एक नवी मांडणी सुरू केली: नैसर्गिक शाम्पू, वनस्पतींचे केसरंग, हाती बनवलेले साबण, ओठांचे मलम. मागणी चांगली होती आणि नफ्याचे प्रमाणही नेहमीच्या मालापेक्षा बरे होते. घरातही सुनेने जुन्या बाटल्या बाजूला सारून याच मांडणीवरच्या वस्तू आणल्या. घरातील दादीजी मात्र खोबरेल तेल आणि शिकेकाईवरच राहिल्या. त्या रोज सकाळी चौदा नियम धारतात आणि त्यातील विलेपनाच्या नियमात त्यांचे दोन-तीन पदार्थ ठरलेले असतात.

पौषातल्या एका सकाळी दादीजींचे ओठ थंडीने फुटले होते. चौदा वर्षांच्या नातीने प्रेमाने आपल्या जवळचे मलम त्यांच्या ओठांना लावले. "दादी, अगदी शुद्ध आहे, सगळे नैसर्गिक," असे तिने सांगितले. दादीजींनी जरा वेळाने विचारले, "बेटा, याला गोडसर वास कशाचा येतो?" नातीला सांगता येईना. मलमाची डबी एवढीशी, तिच्यावर घटकांची यादी नव्हती; यादी होती ती बाहेरच्या खोक्यावर आणि खोके कचऱ्यात गेले होते. संध्याकाळी ती दुकानात गेली आणि मांडणीवरचे दुसरे खोके घेऊन वाचू लागली. यादीत 'सेरा अल्बा' आणि 'मेल' असे दोन शब्द होते. दोन्ही लॅटिन. पहिल्याचा अर्थ मधमाशीचे मेण, दुसऱ्याचा अर्थ मध.

दादीजींना मधाचा त्याग घेऊन चाळीस वर्षे झाली होती. मद्य, मांस, मध आणि लोणी या चार महाविगई. त्यांपैकी मध औषधातूनही त्यांनी कधी घेतला नव्हता. नातीने रडवेल्या चेहऱ्याने खरे ते सांगितले. दादीजी तिच्यावर रागावल्या नाहीत. अजाणता झालेल्या दोषाची आलोचना करून त्यांनी दुसऱ्या दिवशी एकासणा केला, आणि नातीला एवढेच म्हणाल्या, "तुझा दोष नाही. वाचायचे राहिले, एवढेच." त्या घरात पुढे जे घडले ते या एका वाक्यापासून सुरू झाले.

प्रसाधनांचा विचार करताना आगमांतील आनंद श्रावकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. उपासकदशांग सूत्रातील हा वाणिज्यग्रामचा गृहस्थ. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी वाढीसाठी व्यापारात, चार कोटी घरपसाऱ्यात आणि दहा-दहा हजार गाईंचे चार गोकुळ, असा त्याचा संसार होता. भगवान महावीरांपाशी बारा व्रते घेताना सातव्या, म्हणजे उपभोग-परिभोग परिमाण व्रतात त्याने न्हाण्याच्या आणि शृंगाराच्या वस्तू एकेक करून मोजल्या. दात घासण्यास ओल्या ज्येष्ठमधाची काडी. केस धुण्यास आवळा. अभ्यंगास शतपाक आणि सहस्रपाक ही दोनच तेले. अंगास लावण्यास एक सुगंधी उटणे. स्नानास मोजून आठ घडे पाणी. विलेपनास अगरू, केशर आणि चंदन. धूपास अगरू व तत्सम द्रव्ये. बाकी सर्वांचा त्याग.

बारा कोटींच्या धन्याची ही यादी आज वाचली तर एखाद्या मध्यमवर्गीय घरातील न्हाणीघराच्या फळीपेक्षा ती लहान भरेल. यादीतील बहुतेक द्रव्ये वनस्पतींची आहेत, म्हणजे आजच्या भाषेत 'नैसर्गिक' आहेत, हे खरे. परंतु आनंदाने व्रत घेतले ते त्या द्रव्यांच्या नैसर्गिकपणाचे नव्हे. त्याने त्यांची संख्या आणि मर्यादा ठरवली. पाणीदेखील मोजले, कारण अप्कायाचे जीव निसर्गातच असतात. मुलतानी माती ही निसर्गाचीच देणगी. पण पृथ्वीकायाचा विचार करणाऱ्या घरात तिचाही उपयोग हात राखूनच करावयाचा. दिगंबर परंपरेतील रत्नकरंड श्रावकाचारातही भोगोपभोग परिमाणाचे हेच मर्म आहे. जैन दृष्टीने निसर्ग म्हणजे फुकटचे कोठार नव्हे. तो जीवांचा समुदाय आहे. त्यामुळे आपल्या घरात एखादी वस्तू आली की दोन प्रश्न विचारावे लागतात: ही कोणापासून घेतली, आणि किती घेतली? 'नैसर्गिक' हा शब्द यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

पहिला प्रश्न आधी घेऊ. निसर्गातून येणारी, आणि म्हणूनच 'नैसर्गिक' म्हणून अभिमानाने मिरवणारी, किती द्रव्ये प्राण्यांपासून मिळतात हे पाहिले की मन थबकते. ओठांच्या लाल रंगात कार्माइन हा रंग वापरतात. पेरू देशात निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे किडे वाळवून, चुरडून तो काढतात. थोड्याशा रंगासाठीही पुष्कळ किडे लागतात. खोक्यावर तो पुष्कळदा 'सी. आय. ७५४७०' एवढ्याच आकड्याने येतो. नखरंगाला किंवा डोळ्यांच्या प्रसाधनाला मोत्यासारखी चमक देणारे ग्वानीन माशांच्या खवल्यांपासून मिळते. त्याचा आकडा 'सी. आय. ७५१७०'. त्वचा मऊ ठेवणारे लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्य. केसांना बळकटी देणारे म्हणून विकले जाणारे केराटिन खुरे, शिंगे, पिसे आणि लोकर यांपासून तयार होते. कोलॅजन हे जनावरांच्या व माशांच्या कातडी-हाडांतून येते. शाम्पूतील 'रेशीम प्रथिन' म्हणजे कोशातील जीव मारून मिळवलेल्या रेशमाचाच अंश. स्क्वालेन पूर्वी शार्क माशाच्या यकृतातून काढत, आजही काही ठिकाणी काढतात. आता ते ऑलिव्हपासून आणि उसापासूनही मिळते. साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोएट' लिहिले असेल तर ती जनावराची चरबी होय. 'सोडियम पामेट' किंवा 'सोडियम कोकोएट' असेल तर ते पामचे किंवा नारळाचे तेल.

या यादीतील एकही द्रव्य कृत्रिम नाही. सगळी निसर्गाचीच. म्हणजे 'नैसर्गिक' हा शब्द लिहिणारा खोटे बोलत नाही. आपणच त्या शब्दातून 'अहिंसक' असा अर्थ काढतो. दोष असलाच तर आपल्या वाचनाचा आहे.

याच्या उलट बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. कस्तुरी हे निसर्गातील सर्वांत प्रसिद्ध सुगंधी द्रव्य. ते कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून मिळवण्यासाठी असंख्य मृगांची हत्या झाली. १८८८ साली आल्बर्ट बाउर या रसायनशास्त्रज्ञाला कस्तुरीसारख्या गंधाचे एक द्रव्य प्रयोगशाळेत सापडले. पुढे कृत्रिम कस्तुरीगंधाचे अनेक प्रकार निघाले आणि सुगंधाच्या उद्योगाला मृगाची गरज उरली नाही. भारतात कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. येथे जीव वाचवला तो 'रासायनिक' म्हणून नाक मुरडल्या जाणाऱ्या वस्तूने. तेव्हा रसायन म्हणजे वाईट आणि निसर्ग म्हणजे चांगले, ही सरळ विभागणी श्रावकाच्या उपयोगाची नाही. प्रत्येक कृत्रिम द्रव्य निर्धोक असते असा याचा अर्थ नव्हे. ते आरोग्याच्या कसोटीवर वेगळे तपासावे लागते. पण अहिंसेची कसोटी निराळी आहे आणि ती दोन्हींना सारखीच लावली पाहिजे.

व्यापारी कुटुंबांसाठी या सातव्या व्रताला आणखी एक अंग आहे, आणि त्याकडे प्रवचनातून ऐकूनही आपले दुर्लक्ष होते. या व्रताच्या अतिचारांतच पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. म्हणजे मी काय वापरतो आणि मी काय विकतो, हे दोन्ही प्रश्न शास्त्रकारांनी एकाच व्रतात ठेवले. पंधरांपैकी पाच ही वाणिज्ये आहेत: दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, रसवाणिज्य, केशवाणिज्य आणि विषवाणिज्य. कुमारपाळ राजासाठी बाराव्या शतकात लिहिलेल्या योगशास्त्रात आचार्य हेमचंद्रसूरींनी यांचा जो खुलासा केला आहे, तो आजच्या प्रसाधनांच्या मांडणीसमोर उभे राहून वाचण्यासारखा आहे. रसवाणिज्यात त्यांनी लोणी, चरबी, मध आणि मद्य यांची विक्री धरली. चरबी म्हणजे साबणातील टॅलो. मध म्हणजे ओठांच्या मलमातील 'मेल'. लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार. लाख ही पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांचा स्राव. झारखंड व छत्तीसगड येथे ती मोठ्या प्रमाणावर काढतात आणि फांद्या खरवडताना त्यात अडकलेले किडे मरतात. हीच लाख 'शेलॅक' या नावाने नखरंगात आणि केसांच्या फवाऱ्यात येते.

याच लाक्षावाणिज्यात हेमचंद्राचार्यांनी नीळही घातली आहे, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. नीळ तर वनस्पती. पण रंग काढण्याची जुनी रीत म्हणजे निळीची पाने हौदात भिजवून आंबवणे. त्या कुजलेल्या पाण्यात असंख्य जीवांची उत्पत्ती आणि नाश होत असे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही प्रश्न केवळ 'वनस्पती की प्राणी' असा नव्हता; वस्तू कशी तयार होते, इथपर्यंत तो नेला गेला होता. आज केसांसाठी मेंदीसोबत विकली जाणारी नीळ ही बहुधा वाळवलेल्या पानांची पूड असते, तिची रीत निराळी. पण विचारण्याची पद्धत तीच राहते.

आता बाजारात विश्वास ठेवण्याजोगे काय आहे, ते पाहू. खाद्यपदार्थांवर हिरवा ठिपका पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्रसाधनांवर तो हमखास सापडेल असे गृहीत धरता येत नाही. काही कंपन्या तो छापतात, काही छापत नाहीत. 'सेंद्रिय' हा शब्द मुळात शेतीच्या पद्धतीविषयी आहे: रासायनिक खते व कीटकनाशके न वापरता पीक घेतले, एवढेच तो सांगतो. युरोपातील कॉसमॉस या प्रसिद्ध मानकातही दूध, मध, मेण यांसारखी प्राण्यांनी निर्माण केलेली द्रव्ये चालतात. त्यामुळे सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्या मलमात मेण असणे यात फसवणूक नाही. 'क्रुएल्टी फ्री' याचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. त्यात प्राणिज द्रव्य नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. भारताने प्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर २०१४ साली बंदी घातली आणि त्याच वर्षी परदेशात अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांची आयातही थांबवली. हे मोठेच पाऊल होते. पण चाचणीचा प्रश्न सुटला तरी घटकांचा उरतो. घटकांचे उत्तर देणारा शब्द 'व्हीगन' हा आहे. त्यात दूधही नसते. ज्या घरात प्राणिज द्रव्याचा पूर्ण त्याग हवा असेल त्यांनी तोच पाहावा.

या बाबतीत पुण्याचे नाव आदराने घ्यावे लागते. ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही चळवळ १९५९ साली इंग्लंडमध्ये लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी सुरू केली. तिची भारतातील शाखा १९७४ साली सुरू झाली आणि डायना रत्नागर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यातून काम करीत राहिली. प्रसाधने, रेशीम, चांदीचा वर्ख यांमागील हिंसा या संस्थेने वर्षानुवर्षे लोकांसमोर मांडली. वर्ख कशात ठेवून कुटला जातो हे समजल्यावर अनेक जैन घरांनी मिठाईवरील वर्ख बंद केला, हे अनेकांना आठवत असेल. जे मिठाईच्या बाबतीत जमले ते साबणाच्या बाबतीत जमू नये, असे काही नाही.

खोक्यावरची यादी वाचण्याची रीत फार अवघड नाही. घटक सामान्यतः प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने येतात. म्हणून पुढच्या बाजूस मोठ्या अक्षरांत आवळा व भृंगराज यांची चित्रे असली आणि यादीत त्यांची नावे शेवटाला असली, तर त्या चित्रांचे मोल किती ते कळते. काही नावे मात्र वाचूनही उमगत नाहीत. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल ही तेलापासूनही बनतात आणि चरबीपासूनही, नाव एकच. येथे उत्पादकाला विचारण्याखेरीज मार्ग नाही. बँक अनोळखी माणसाचे खाते ओळखपत्र पाहिल्याशिवाय उघडत नाही. आपल्या घरात शिरणाऱ्या द्रव्याचे मूळ विचारण्यात संकोच कशाला?

घरी बनवलेली प्रसाधने हा उत्तम मार्ग आहे, पण तोही डोळे मिटून चालण्याचा नव्हे. शिकेकाई, रिठा आणि आवळा यांवर आपल्या आज्या-पणज्यांचे केस राखले गेले. रिठ्यात सॅपोनिन हे नैसर्गिक फेस देणारे द्रव्य असते. आवळा लोखंडी कढईत उकळला की काळा होतो, कारण त्यातील टॅनिनचा लोहाशी संयोग होतो. हे सारे कोरडे, निवडून, चाळून ठेवावे आणि लागेल तेवढेच भिजवावे. रात्री उकळून दोन-तीन दिवस ठेवलेला काढा, उरलेले कालवलेले उटणे, पावसाळ्यात दमट झालेले बेसन यांत जीवोत्पत्ती होते. पिठाची काळमर्यादा ज्या घरात पाळली जाते तेथे उटण्याच्या पिठालाही तोच न्याय लावावा. याच कारणाने 'परिरक्षक विरहित' या शब्दाचाही पुनर्विचार व्हावा. पाणी असलेले मलम परिरक्षकाशिवाय महिनोन्‌महिने फळीवर राहिले तर त्यात बुरशी व जंतू वाढणारच. ते त्वचेलाही अपायकारक आणि जीवदयेच्या दृष्टीनेही सदोष. त्यापेक्षा पाणी नसलेले तेल किंवा कोरडी पूड अधिक निर्दोष.

आरोग्याची बाजूही थोडक्यात सांगणे जरूर आहे. राजस्थानातील पाली जिल्ह्यातील सोजत येथील मेंदी प्रसिद्ध आहे आणि आपल्यापैकी अनेक कुटुंबांची मुळे त्याच भागात आहेत. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-नारिंगी येतो. काळा कधीच येत नाही. 'काळी मेंदी' म्हणून जे मिळते त्यात पुष्कळदा पॅरा-फिनायलिनडायमिन हे रसायन असते. त्याने काहींच्या त्वचेवर फोड येतात, चेहरा सुजतो, आणि एकदा अशी संवेदनशीलता आली की ती बहुधा जन्मभर राहते. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडतात. लिंबू तर पूर्ण नैसर्गिक. कोणतीही नवी वस्तू कोपराच्या आतल्या बाजूस थोडी लावून दोन दिवस वाट पाहावी, मग वापरावी.

आता पुन्हा त्या दुकानाकडे वळू. नातीने वाचलेल्या दोन शब्दांनंतर एका रात्री दुकान वाढवल्यावर बाप-लेक मांडणीसमोर बसले. चौतीस वस्तू होत्या. मुलगी वाचत होती, वडील वहीत लिहीत होते. नऊ वस्तूंत मध, मेण, लाख किंवा कार्माइन स्पष्ट लिहिलेले निघाले. चौदा वस्तू निःशंक होत्या. अकरांविषयी काही ठरवता येईना. त्या अकरांच्या उत्पादकांना पत्रे गेली. चौघांचे उत्तर आले की त्यांचे ग्लिसरीन वनस्पतीजन्य आहे. सातांचे उत्तर आले नाही.

वडिलांची अडचण खरी होती. ते म्हणाले, "आपण विकले नाही तरी समोरचा दुकानदार विकणारच. गिऱ्हाईक जाईल, एवढेच होईल." घरातील दादाजींनी जुनी गोष्ट काढली. त्यांनी तंबाखू आणि गुटखा विकणे बंद केले तेव्हाही बाजारात सगळे हेच म्हणाले होते. "गिऱ्हाईक गेले का?" असे वडिलांनी विचारले. "काही गेले," दादाजी म्हणाले, "आणि ते परत आले नाहीत." त्यांनी नुकसान लपवले नाही, म्हणूनच बहुधा मुलाने त्यांचे ऐकले.

नऊ वस्तूंची नवी मागणी बंद झाली. वितरकाने अर्धा माल परत घेतला. उरलेला स्वस्तात काढून टाकावा, असा विचार आला. पण जे विकू नये असे ठरले ते सवलतीत विकण्यात तरी काय अर्थ, असे दादीजींनी विचारले. तो माल तोट्याच्या खात्यावर टाकला गेला. करसल्लागाराने सांगितले की नष्ट केलेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिटही कायद्यानुसार उलटवावे लागते, तेही उलटवले. सगळा मिळून आकडा सात-आठ हजारांच्या घरात गेला. मोठ्या दुकानाला तो काही नाही. लहान दुकानाला त्या महिन्यात तो जाणवला.

सगळे प्रश्न सुटले असे मात्र नाही. नेहमीच्या मांडणीवर सर्वांत जास्त खपणारा एक साबण आहे आणि त्यातील स्निग्ध आम्ल कोठून येते याचे उत्तर अजून आलेले नाही. तो बंद केला तर महिन्याच्या उलाढालीवर परिणाम होईल. तो अजून विकला जातो. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे नाव लिहिलेले आहे आणि पुढे जागा कोरी आहे. घरात मात्र आता त्या जागी खोबरेल तेलाचा साबण येतो.

नातीने न्हाणीघराच्या फळीवरील वस्तू मोजल्या तेव्हा त्या एकोणीस भरल्या. दादीजींशी बोलून तिने चातुर्मासापर्यंतचा एक नियम घेतला: फळीवर सहापेक्षा जास्त वस्तू ठेवावयाच्या नाहीत, आणि जिची यादी वाचता येत नाही ती घ्यावयाची नाही. आनंद श्रावकाच्या व्रतापुढे हा नियम लहान आहे. पण त्याची सुरुवात तेथूनच होते. नैसर्गिक म्हणून दहा नव्या बाटल्या घरी आणण्यापेक्षा असलेल्या दहांपैकी चार कमी करणे हे परिमाणाच्या अधिक जवळचे.

वाचकांपैकी ज्यांचे दुकान आहे त्यांनी एक मांडणी, आणि ज्यांचे घर आहे त्यांनी एक फळी, एवढीच या महिन्यात वाचून पाहावी. हिशेबाची वही ठेवण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्याच वहीत एक पान जास्त घालावयाचे आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.